मास्क चढवून मोजलेला दाब

सकाळी शमुवेल आढाव मास्क-खोलीचं दार उघडायचा तेव्हा बंद वॉर्डच्या सिस्टर बाहेरच्या बाकावर केस आवळून बांधत बसलेल्या असायच्या. एखादी बट जरी मास्कच्या रबराखाली आली तरी तिथून हवा शिरते, हे त्यानं प्रत्येकीच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. तो स्वतः नर्सिंग शिकलेला. ब्रदर म्हणून निम्मं आयुष्य त्यानं वॉर्डात काढलं होतं. पण नवे मास्क आले तेव्हा ते नीट बसतात की नाही हे बघायला एक धीराचा माणूस हवा होता, म्हणून सुपरिंटेंडेंट डॉ. भापकरांनी त्याला त्या खुर्चीवर बसवलं.

हे रुग्णालय राहुरी आणि नगर यांच्या मधे, हमरस्त्यालगतच्या टेकाडावर. इथल्या पेशंटना झालेला क्षय जुन्या गोळ्यांना दाद देत नसे. जंतूनं ती औषधं पचवली होती. उरली होती ती दीड-दोन वर्षं घ्यायची कडक औषधं, आणि ती लागू पडेपर्यंत पेशंटच्या प्रत्येक खोकल्याबरोबर जंतू हवेत. वॉर्डाला एकामागं एक दोन दारं होती आणि मधे हवा ओढून घेणारी खोली. जेवणाची गाडी आपोआप आत जाई, फरशी पुसायला यंत्र होतं. पण ओकणाऱ्या माणसाची पाठ चोळायला, शीर सापडत नाही अशा हातात सुई घालायला माणूसच लागे. सुरुवातीला साधे मास्क होते. लता घुले नावाच्या सिस्टरला त्या मास्कच्या फटीतून लागण झाली. ती आपल्याच वॉर्डात खाटेवर पडली आणि पुन्हा उठली नाही.

त्यानंतर हे करड्या रबराचे मास्क आले. हनुवटीपासून नाकाच्या हाडापर्यंत घट्ट बसणारे, दोन्ही गालांवर गाळण्या, एक पट्टा डोक्यावरून आणि एक मानेमागून. एकदा चढवला की ड्यूटी संपेपर्यंत उतरवायचा नाही. घोटभर पाणीसुद्धा नाही.

शमुवेलच्या टेबलावर एक यंत्र होतं. त्याची नळी मास्कला जोडली की हवा कुठून गळते का ते पडद्यावर कळे. हिरवा आकडा आला की आत जायचं, लाल आला की परत, आणि तसं हिरवं किंवा लाल बटण दाबून शमुवेलनं पास-नापास नोंदवायचं.

“मान डावीकडं. उजवीकडं. आता मोठ्यानं बोला काहीतरी.” बोलताना जबडा हलतो आणि मास्क सरकतो, म्हणून हे रोज करावं लागे.

मेट्रन ठुबेबाई या वेळी न चुकता आपल्या नवऱ्यावर तोंडसुख घेत. “दूध बघा म्हणून सांगितलं होतं, उतू घालवलंत. आणि वर मलाच विचारता, गॅस कुणी मोठा केला.”

“ठुबेबाई, गळती नाही कुठं.”

“मास्कात नाही ब्रदर. घरात आहे.”

बाकावर हशा पिकला. शमुवेलनं नळी काढली आणि त्यांच्या मानेमागचा पट्टा आणखी एक खाच ओढला. ठुबेबाई हळूच म्हणाल्या, “लतासाठी.”

ही खाच कुठल्या नियमात नव्हती. यंत्रानं हिरवा आकडा दाखवला की खरं तर काम संपलेलं असायचं. पण लता गेल्यावर पहिल्या दिवशी कुणीतरी म्हणालं, एक जास्त ओढा ब्रदर, आणि तेव्हापासून प्रत्येकीची एक खाच लताच्या नावानं ओढली जाई. नव्यानं आलेल्या सिस्टरनं लताला पाहिलेलंसुद्धा नसे, तरी ती मान पुढं करून म्हणे, लतासाठी.

शमुवेलची बायको एस्तेरही याच वॉर्डात होती. तिचाही पट्टा तोच ओढायचा. मागच्या वर्षी उसाच्या हंगामात, ड्यूटी संपवून ती स्कूटीवर गेटातून बाहेर पडली आणि बाजूनं येणाऱ्या ट्रॅक्टरखाली आली. ट्रॅक्टरवाल्यानं पोलिसांना सांगितलं, बाई सरळ समोर बघत होत्या, माझ्याकडं त्यांनी मान वळवलीच नाही. सगळे म्हणाले, घाईत असेल बिचारी. शमुवेलला तेच सोसवत नव्हतं. संध्याकाळी घरी आल्यावर तो तिच्या फोटोसमोर उभा राही आणि मनात विचारी, एवढी कसली घाई होती? स्वयंपाक मी केला असता.

आता त्याच वॉर्डात त्याची मुलगी शेरॉन होती. नर्सिंग संपल्यावर तिला पुण्यात चांगली नोकरी मिळत होती, ती सोडून ती आईच्या वॉर्डात आली. त्या सकाळी तीही मान पुढं करून बसली.

“घट्ट झाला?”

“झाला. लतासाठी, पप्पा.”

त्यानं एक खाच ओढली.

*

डॉ. सानिया तांबोळी नगरहून ठरलेल्या दिवशी पेशंटचे डोळे तपासायला येत. क्षयाच्या औषधांतलं एक औषध काही पेशंटच्या डोळ्यांच्या नसेला बाधतं, म्हणून हे तपासणं भाग होतं. या खेपेला त्यांनी छोट्या डबीतून मऊ भिंगं आणली. नेहमीच्या कॉन्टॅक्ट लेन्ससारखीच, पण कडेनं केसाहून बारीक धातूचं कडं. डोळ्यातला दाब वाढला की बुबुळाचा पुढचा पडदा किंचित ताणला जातो, त्याबरोबर ते कडंही ताणलं जातं आणि आकडा फोनवर उमटतो. दर मिनिटाला, जागेपणी आणि झोपेतही.

“पेशंटशी ताडून बघायला मला धडधाकट माणसांचे डोळे हवेत,” डॉक्टर म्हणाल्या. “कोण घालेल चार दिवस?”

“आमचे डोळे तपासून झालेत, मॅडम,” ठुबेबाई म्हणाल्या. “दरवर्षी तपासतात. नॉर्मल.”

ते खरं होतं. दरवर्षी डोळ्यांचा कॅम्प होई. ड्यूटी सुटली की सिस्टर मास्क उतरवत, गालांवर उठलेले वळ जाईपर्यंत तोंड धुवत, कँटीनमधे चहा घेत, केस पुन्हा नीट विंचरत आणि मग तपासायला जात. डॉक्टरसमोर घामेजल्या तोंडानं कसं जायचं? शिवाय दाब मोजायच्या यंत्रावर हनुवटी टेकवावी लागते. मास्क घातला तर ती टेकत नाही. त्यामुळे मास्क चढवून डोळ्यातला दाब किती असतो, हे या रुग्णालयात कुणी कधी बघितलंच नव्हतं.

शेरॉननं हात वर केला. तिच्या मागोमाग आणखी दोघी तयार झाल्या. भिंग बसवताना एक म्हणाली, “मॅडम, यात नवरा कुठं आहे तेही दिसेल का?”

“ते भिंग अजून निघायचंय,” डॉक्टर म्हणाल्या.

*

चार दिवसांनी शेरॉन मास्क-खोलीच्या दारात आली. “पप्पा, जरा येता का? मॅडमना घरच्यांबद्दल काही विचारायचंय.”

तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण ती आत न येता दाराशीच उभी राहिली. शमुवेलनं हातातलं काम ठेवलं.

डॉक्टरांच्या पडद्यावर एक रेघ होती. रात्री सपाट, सकाळी सपाट, मग एकदम चढलेली आणि दिवसभर वरच. दुपारनंतर घसरत पुन्हा जागेवर.

“ही चढली तेव्हा तुम्ही हिला मास्क चढवलात,” डॉक्टर म्हणाल्या. “इथं उतरवला. चहा होईपर्यंत दाब सोळावर, म्हणजे नॉर्मल. मास्कमधे असताना तीसच्या आसपास. चारही दिवस.”

“बाकी दोघींचा?”

“चढतो, पण थोडा. ते डोळे सोसतात.” डॉक्टरांनी कागदावर डोळा काढला. “डोळ्यात एक पाणी असतं. ते सतत तयार होतं आणि कडेच्या जाळीतून सतत झिरपून जातं. जातं कुठं, तर शिरांमधे, आणि त्या शिरा उतरतात मानेतून. मानेवर पट्टा आवळलात तर पुढं तुंबतं. त्यात मास्कमधून श्वास ओढायला जोर लागतो, त्यानं आणखी तुंबतं. आणि आपणच सोडलेली हवा थोडी परत आत जाते, तिच्यानं डोळ्यामागच्या रक्तवाहिन्या फुगतात. ज्याची जाळी मोकळी त्याला यातलं काही जाणवणारही नाही. हिची जाळी जन्मापासून अरुंद आहे.”

“दुखतं का तुला?” शमुवेलनं शेरॉनला विचारलं.

“नाही. काहीच होत नाही.”

“हेच वाईट आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “दुखत नाही. हळूहळू नस मरते आणि नजर जाते ती कडेनं. समोरचं स्वच्छ दिसत राहतं. अक्षर वाचता येतं, सुईत दोरा ओवता येतो. कडेला काही नाही हे माणसाला कळत नाही, कारण काळं दिसत नाही, नुसतं तिथलं दिसेनासं होतं. शेरॉनची सुरुवात झालीय, डाव्या बाजूला, अगदी थोडी. गेलेलं परत येत नाही. राहिलेलं राखता येतं.” मग त्यांनी विचारलं, “ही जाळी घराण्यातून येते. घरात कुणाला काचबिंदू? तुम्हाला? हिच्या आईला?”

“नाही,” शमुवेल म्हणाला. “एस्तेरचे डोळे चांगले होते. शेवटपर्यंत चष्म्याशिवाय बायबल वाचायची.”

“कडेचं दिसायचं?”

तो उत्तर द्यायला गेला आणि थांबला. ताटाच्या डाव्या हाताला ठेवलेलं भांडं तिच्या कोपरानं रोज लवंडायचं. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा, दंडावर कायम एखादा निळा डाग. घर नवं आहे का तुला, असं तो हसून म्हणायचा आणि तीही हसायची. चर्चमधे कुणी बाजूनं येऊन सलाम केला तर तिला कळत नसे. बायका म्हणत, एस्तेरबाईंना गर्व झाला.

ट्रॅक्टर डावीकडून आला होता.

शेरॉन त्याच्याकडं बघत नव्हती. कागदावरच्या डोळ्याकडं बघत होती. तिला त्याच्या आधीच कळलं असावं. म्हणूनच ती दारात उभी राहिली होती.

“घाईत नव्हती ती,” शमुवेल म्हणाला. डॉक्टरांनी पंखा मोठा केला आणि पाण्याचा ग्लास त्याच्या समोर, अगदी समोर ठेवला.

*

रात्रीचं जेवण शेरॉननं वाढलं. दोघं जेवायला बसले.

“उद्यापासून आत जायचं नाही,” शमुवेल म्हणाला.

“मॅडमनी थेंब दिलेत.”

“थेंबांनी तिसाचा चोवीस होईल असं त्याच म्हणाल्या. चोवीससुद्धा तुझ्या डोळ्यांना जास्तच.”

“हवेच्या टोप्या येतायत की.”

हवेची टोपी म्हणजे कमरेच्या पंख्यानं स्वच्छ हवा पुरवणारं डोक्यावरचं आवरण. ते आवळावं लागत नाही. रुग्णालयात अशा दोनच होत्या, त्याही डॉक्टरांसाठी. बाकीच्यांची मागणी कधीची मुंबईला गेलेली होती.

“कधी येणार?”

“येतील.”

“तोवर तुझं काय?”

शेरॉननं भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. “पप्पा, आत आम्ही किती जणी आहोत तुम्हाला माहीत आहे. मी निघाले की माझे पेशंट ठुबेबाईंवर जाणार. त्यांचे गुडघे बघितलेत? बन्सीभाऊंना घास भरवायला लागतो. दुसरं कुणी भरवलं तर तोंड फिरवतात. त्यांना काय सांगू, माझा आकडा वाढलाय म्हणून तुम्ही उपाशी राहा?”

“दुसरीच्या हातून खातील हळूहळू.”

“आणि मला कुठं टाकतील? केसपेपर लिहायला? त्यासाठी शिकले मी?”

“आंधळी होण्यासाठी शिकलीस का?”

तिनं हातातला तुकडा ताटात ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली, “तुम्ही कुणाला सांगू नका. मॅडम सांगणार नाहीत, मी नको म्हटलंय त्यांना. तुम्ही रोजच्यासारखा मास्क चढवा. टोप्या येईपर्यंत.”

“आणि मी तुला नापास केलं तर?”

“कराल?” तिनं मान वर केली. “तुमच्या हातात आहे. लाल बटण दाबलं की झालं. पण आईला तर कधी नापास केलं नाहीत तुम्ही. रोज पास केलंत.”

बोलून गेल्यावर तिचं तिलाच ते लागलं. ती उठून त्याच्यापाशी आली, पण त्यानं हातानंच, बस, अशी खूण केली. तो रागावला नव्हता. ती म्हणाली त्यात खोटं काही नव्हतं. त्याला फक्त एवढंच वाटत होतं, की हा घास आता गिळता आला पाहिजे, नाहीतर तीही जेवायची नाही.

*

सकाळी त्यानं शेरॉनला सगळ्यांच्या आधी आत घेतलं आणि दार लोटलं.

“फोन इथं ठेव,” तो म्हणाला. “यंत्राच्या शेजारी. दोन्ही आकडे आपण दोघं मिळून बघू.”

तिनं फोन ठेवला. त्यानं मास्क चढवला, नळी जोडली, पट्टे ओढले. यंत्रावर हिरवा आकडा आला. लताची खाच त्यानं ओढली नाही. दोघं वाट बघत बसले. फोनवरचा आकडा सावकाश चढला. अठरा, बावीस, सव्वीस. तिथं जरा अडखळला आणि मग आणखी चढला.

त्यानं मानेमागचा पट्टा एक खाच सैल केला. फोनवरचा आकडा उतरायला लागला. यंत्र लाल झालं.

त्यानं वरचा पट्टा आवळून खालचा सैल ठेवला. लाल. दुसऱ्या मापाचा मास्क काढला, तो चढवला. हिरवा, आणि फोनवर अठ्ठावीस. नाकाच्या बाजूला रबराची पट्टी घालून पाहिली, हनुवटी जरा वर घेऊन पाहिली. छाती वाचली की डोळा जात होता आणि डोळा वाचला की छाती उघडी पडत होती. दोन्ही ठीक राहतील अशी जागा या मुलीच्या चेहऱ्यावर नव्हती. शेरॉन हे सगळं त्याच्याइतकंच नीट बघत होती.

बाहेर बाकावर कुणीतरी खाकरलं. उशीर होत होता.

“पास करा, पप्पा,” मास्कमधून तिचा आवाज घोगरा आला. “टोप्या येईपर्यंतच.”

यंत्रावर दोन बटणं होती. आत्ता मास्क पक्का बसलेला होता. लाल दाबलं असतं तर ते धादांत खोटं झालं असतं, पण कुणाला कळलं नसतं. मास्क बसत नाही म्हणून शेरॉनची बदली झाली असती, तिचे डोळे वाचले असते, विषय मिटला असता. त्याचं बोट त्या बटणापर्यंत गेलं. मग त्याच्या मनात आलं की बाहेर बाकावर ज्या बसल्यात, त्यांच्या मानेत काय चाललंय हे कुणाला माहीत आहे? त्यांच्याही घरी कुणीतरी हसत असेल, भांडं लवंडलं म्हणून.

त्यानं कुठलंच बटण दाबलं नाही. त्यानं तिच्या मास्कचे पट्टे सोडले, मास्क उतरवून टेबलावर ठेवला आणि उठून दार उघडलं.

“पप्पा, नको.” शेरॉन म्हणाली.

“ठुबेबाई, आत या,” शमुवेल म्हणाला. “सगळ्याच या. मला एक दाखवायचंय.”

त्यानं त्यांना फोनवरची रेघ दाखवली. फार बोलला नाही. सकाळी काय, दुपारी काय, एवढं सांगितलं. एस्तेरबद्दल सांगताना एक वाक्य त्याला दोनदा सुरू करावं लागलं. शेरॉन भिंतीकडं तोंड करून उभी होती. तिनं विश्वासानं सांगितलेली गोष्ट त्यानं चारचौघांत मांडली होती आणि हे त्याला कळत होतं.

मग ठुबेबाई म्हणाल्या, “माझा मोजा.”

*

डॉ. तांबोळी भिंगांची मोठी पेटी घेऊन आल्या. या वेळी सगळ्यांना मास्क चढवूनच बसवलं. बहुतेकींचा दाब थोडा चढून थांबला. लताची खाच ओढली नाही तर त्यांतल्या कित्येकींचा जवळजवळ चढलाच नाही. पण काहींचा चढला आणि चढतच राहिला. ठुबेबाई त्यांतल्या एक. त्यांच्या डाव्या डोळ्याची कड चांगलीच गेलेली निघाली.

“तरीच,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं, लोक मुद्दाम मांजरासारखे दबकत येतात शेजारी.”

लताची खाच बंद करायची असं ठरलं तेव्हा एकदोघी नाराज झाल्या. आपल्या माणसाची एवढीच आठवण राहिलीय, तीही काढायची का, असं त्यांचं म्हणणं. ठुबेबाईंनी त्यांना एकच विचारलं. लता खाटेवर होती तेव्हा तुम्हाला काय म्हणायची? पोरींनो जपा, एवढंच ना? मग ती खाच ओढणं थांबलं.

डॉ. भापकर डोकं धरून बसले होते. “मास्क सैल करता येत नाही, म्हणजे करूच द्यायचा नाही. त्या मास्कनं जीव वाचलेत. टोप्यांसाठी मी आज पुन्हा लिहितो, स्वतः जाऊन बसतो मुंबईला. ड्यूटी निम्मी करतो. पण ज्यांना आत जाताच येणार नाही त्यांच्या जागी कुणाला पाठवू? गावात विचारलं तर एक माणूस यायला तयार नाही.”

“माझा मोजलाय मॅडमनी,” शमुवेल म्हणाला. “दिवसभर मास्क लावून बसलो होतो. चढत नाही.”

डॉ. भापकरांनी त्याच्याकडं बघितलं. “आढाव, किती वर्षं झाली वॉर्ड सोडून? शीर सापडेल?”

“नाही सापडली तर पेशंट सांगतीलच.”

“आणि मास्क-खोली?”

“शेरॉनला बसवा. आकड्याचा अर्थ तिच्याइतका कुणाला कळलेला नाही. मास्कचाही आणि डोळ्याचाही.”

शेरॉन तिथंच होती. ती हो म्हणाली नाही, पण दुसऱ्या सकाळी मास्क-खोलीच्या खुर्चीवर जाऊन बसली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतं बोलू लागली. ताट वाढी, थेंब घालायची वेळ झाली की स्वतःच घाली, पण फोटोसमोर त्याच्या शेजारी येऊन उभी राहत नसे. त्यानंही तिची समजूत घातली नाही. तिचा राग खरा होता.

*

वॉर्डातल्या पहिल्या दिवशी त्याला जाणवलं ते म्हणजे मास्कच्या आतला आवाज. स्वतःचाच श्वास कानात घुमत होता. इतकी माणसं रोज याच आवाजात काम करतात आणि आपण बाहेर बसून मान डावीकडं, उजवीकडं म्हणत होतो.

बन्सी शिरसाठ खिडकीजवळच्या खाटेवर उशांना टेकून बसला होता. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेला, हाडांचा सापळा राहिलेला माणूस. ज्या औषधानं त्याची छाती सावरत होती त्यानंच त्याचे डोळे अधू केले होते. त्याला उजेड कळे आणि अंधार कळे. औषध थांबवलं होतं, पण नजर अजून परतली नव्हती.

“ही चाल आमच्या बाईची नाही,” शमुवेल खाटेशी पोचायच्या आत तो म्हणाला. “जड पाऊल आहे. कोण तुम्ही?”

“मी शमुवेल. शेरॉनचा बाप.”

“ती कुठंय?”

“बाहेर.”

“आजारी पडली?”

“नाही. तिला चांगलं दिसतंय. दिसत राहावं म्हणून बाहेर ठेवलंय.”

बन्सीनं आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं. “आत राहून जातं का दिसायचं?”

“काही काहींचं.”

“मग बरं केलं. दिसत नाही म्हणजे काय असतं ते मला विचारा.” त्यानं तोंड उघडलं आणि शमुवेलनं वरणभाताचा पहिला घास भरवला. तो चावत म्हणाला, “मोठा भरवलात. तिचा लहान असतो. हरकत नाही, नव्या माणसाला सांभाळून घ्यावं लागतं. जेवण झालं की खिडकीपाशी उभं राहायचं बरं का. ते कामात धरलेलं आहे.”

“खिडकीपाशी कशाला?”

“मला सांगायला. रस्त्यावर काय चाललंय ते. ती रोज सांगते. मी सबंध जन्म रस्त्यावर काढला, मला रस्ता दिसल्याशिवाय जेवण पचत नाही.”

हे शेरॉननं घरी कधी सांगितलं नव्हतं. शमुवेलनं ताट गाडीवर ठेवलं, बन्सीचं तोंड पुसलं आणि खिडकीपाशी गेला. खाली गेट होतं आणि गेटापुढं हमरस्ता. एस्तेर गेल्यापासून तो या रस्त्याकडं मान वर करून बघत नसे. मागच्या पाऊलवाटेनं घरी जाई.

“हां, सांगा,” बन्सी म्हणाला.

“एक टेंपो गेला नगरकडं. कांद्याच्या गोण्या.”

“ओला का सुका?”

“गोण्यांवरून कसं कळणार?”

“तिला कळतं. बरं, पुढं.”

“रसवंतीवाला गाडी पुसतोय. शाळेची पोरं चाललीत. राहुरीकडून ट्रॅक्टर येतोय, उसाचा. दोन ट्रॉल्या.”

“लांब आहे?”

“आहे लांब.” शमुवेलचा हात खिडकीच्या गजावर होता. गेटातून शेरॉन बाहेर पडली. तिची मास्क-खोलीतली ड्यूटी संपली होती. केस मोकळे, खांद्याला पिशवी. “माझी मुलगी निघालीय घरी. रस्त्यापर्यंत आलीय.”

“ट्रॅक्टर कुणीकडून आहे तिच्या?”

“डावीकडून.”

शमुवेलला आपला श्वास मास्कमधे ऐकू येत होता.

“थांबलीय,” तो म्हणाला. “मान वळवतेय. पूर्ण वळवलीय डावीकडं, खांदासुद्धा वळवलाय. बघतेय त्याच्याकडं. ट्रॅक्टर जवळ आला. ती उभीच आहे. गेला. दुसरी ट्रॉलीपण गेली. आता उजवीकडं बघतेय.”

“मग?”

“उतरली रस्त्यावर.”

“मग?”

बन्सीनं उजेडाच्या दिशेला तोंड केलं आणि वाट बघितली.

“पोचली,” शमुवेल म्हणाला.